पैदाशीच्या जागेतून सोडवलेल्या दोन छोट्या कुत्र्या दत्तक घेत आहोत. घरी आणताना काय काळजी घ्यावी?

शेवंती, पुणे

नमस्कार. आम्ही कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत राहतो. घरात मी, यजमान, चौथीत शिकणारी मुलगी आणि 75 वर्षे ओलांडलेल्या सासूबाई असे चौघे आहोत. शहराबाहेरच्या एका शेल्टरमध्ये आम्ही पावसाळ्याच्या सुरुवातीपासून जात आहोत आणि तेथील दोन छोट्या कुत्र्या दत्तक घेण्याचे आमचे जवळजवळ ठरले आहे. एक पांढरी पॉमेरेनियन आहे. डॉक्टरांनी दातांवरून तिचे वय सहा-सात वर्षे असावे असे सांगितले. दुसरी पग असून ती तिच्याहून बरीच लहान आहे. पिल्ले विकण्याचा धंदा करणाऱ्या एका जागी या दोघींना केवळ विणीसाठी ठेवले होते आणि तेथून त्यांची सुटका करण्यात आली.

पॉमेरेनियनकडे पाहून जीव तुटतो. तारेच्या जाळीवर वर्षानुवर्षे उभी राहिल्यामुळे तिच्या पंजांची बोटे फाकली आहेत. मोकळ्या आवारात सोडले तरी ती चार पावले पुढे जाते, वळते आणि चार पावले मागे येते, कारण पिंजऱ्याची लांबी तिच्या अंगवळणी पडली आहे. पग तिच्या पाठीला पाठ लावून बसते आणि ती उठली की लगेच उठते.

आमच्या घरात यापूर्वी कुत्रे कधी नव्हते, म्हणून येथील अनुभवी मंडळींना विचारत आहे. पहिले काही दिवस त्यांना कसे सांभाळावे? मुलीला त्यांना कुशीत घेण्याची फार घाई झाली आहे. सासूबाईंची ना नाही, पण देवघराच्या स्वच्छतेची आणि पायात कुत्रे येऊन पडण्याची त्यांना धास्ती वाटते. दोघींना एकदम आणावे की आधी एकीला, यावरही घरात एकमत नाही. त्यातच सोसायटीच्या सचिवांनी "आधी सभेची परवानगी घ्या" असे तोंडी सांगितले आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

रानजाई, पुणे

शेवंतीताई, अशा कुत्र्यांना कायमचे घर मिळेपर्यंत माझ्याकडे ठेवून घेण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. त्यातून जे कळले ते थोडे सविस्तर लिहिते.

छोट्या कुत्र्याच्या वाट्याला येणारा बराचसा त्रास त्याच्या आकारामुळे येतो. अंगाने मोठ्या गावठी कुत्र्याला पहिल्याच दिवशी कोणी कडेवर घेत नाही. ते आपणहून जवळ येईपर्यंत माणसे थांबतात, कारण त्यांना थांबावेच लागते. पाच-सहा किलोच्या पॉमेरेनियनला मात्र घरी येणारा प्रत्येक जण उचलून घेतो, आणि ती आक्रसून गप्प राहिली की "किती गरीब आहे हो" असे म्हणतो. पैदाशीच्या जागी तिला हात लागत असे तो नराकडे नेताना, सुई टोचताना किंवा तिची पिल्ले काढून घेताना. वरून खाली येणाऱ्या हाताचा तिला ठाऊक असलेला अर्थ एवढाच आहे. म्हणून माझे पहिले आणि सर्वात कळकळीचे सांगणे असे की, ती स्वतः तुमच्या मांडीवर पंजा ठेवीपर्यंत, डॉक्टरांकडे नेणे किंवा जिना उतरवणे यांसारखे कारण नसताना, घरातल्या कोणीही तिला उचलू नये. मुलीला हे समजावणे कठीण वाटेल, पण चौथीतल्या मुलांना कारण सांगितले तर ती मोठ्यांपेक्षा काटेकोरपणे नियम पाळतात.

मुलीला थांबायला सांगताना तिला करण्यासारखे काहीतरी द्या. तिने रोज संध्याकाळी त्या खोलीत जमिनीवर, कुत्र्यांकडे तोंड न करता कडेला वळून बसावे आणि आपला धडा मोठ्याने वाचावा. अधूनमधून उकडलेल्या चिकनचा लहानसा तुकडा, त्यांच्याकडे न पाहता, थोडा दूर टाकावा. काही दिवसांनी तुकडा हाताजवळ टाकला तरी त्या येऊ लागतील. दोघींपैकी एखादी गुरगुरली तर तिला रागावू नये, कारण गुरगुरणे ही तिने दिलेली सूचना असते. त्यासाठी मार बसलेले कुत्रे पुढच्या वेळी सूचना न देता चावते. जेवणाऱ्या आणि झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, हा नियम मात्र सर्वांनाच लागू राहावा.

घराची तयारी त्या येण्यापूर्वी करा. सुरुवातीला सगळे घर मोकळे करून देऊ नका. एक शांत खोली, तिच्या कोपऱ्यात दार उघडे ठेवलेला पिंजरा किंवा आडवा ठेवलेला पुठ्ठ्याचा मोठा खोका आणि त्यात शेल्टरमधून आणलेली, न धुतलेली चादर पुरे. आजकालच्या गुळगुळीत फरशीवर अशा कुत्र्यांचे पाय घसरतात, आणि एकदा घसरलेली कुत्री दाराच्या उंबऱ्यावर तासन् तास उभी राहते पण पुढे येत नाही. म्हणून खोलीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत सतरंज्या किंवा जुन्या गोधड्या अंथरून वाट तयार करा. गॅलरीच्या गजांमधले अंतर आजच मोजा. मोठे कुत्रे जेथून जाऊ शकत नाही तेथून पॉमेरेनियन सहज बाहेर जाते, आणि तुमचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे. खालपासून कमरेपर्यंत जाळी बसवल्याशिवाय गॅलरीचे दार उघडू नये.

मुख्य दाराबाबतही हीच दक्षता हवी. नव्या घरातून पळालेले घाबरट कुत्रे हाकेला येत नाही, कारण हाक मारणारे माणूस त्याच्या अजून ओळखीचे झालेले नसते. दूधवाला, कचरा नेणाऱ्या ताई, कुरिअर यांच्यासाठी दार उघडण्यापूर्वी खोलीचे दार लावून घेण्याची सवय सर्वांना लागली पाहिजे. फोन नंबर कोरलेला बिल्ला पहिल्या दिवसापासून अंगावर असावा.

शी-शूच्या बाबतीत धीर लागेल. एरवी कुत्रे स्वतःची झोपण्याची जागा घाण करत नाही, पण ज्या कुत्रीला पिंजऱ्यातच सर्व उरकावे लागले तिची ही उपजत सवय मोडलेली असते. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि पाणी प्यायल्यावर त्यांना ठरलेल्या जागी न्या, झाल्याबरोबर खाऊ द्या, आणि घरात झाले तर काही न बोलता पुसून टाका. नाक घासणे, वर्तमानपत्राच्या सुरळीने मारणे असले उपाय कोणी सुचवले तर ऐकू नका. त्याने कुत्री माणसासमोर शू करायला घाबरते आणि पलंगाखाली जाऊन करते.

शेल्टरची मंडळी तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा सांगतात: भेदरलेपण ओसरायला तीन दिवस, घराचे वेळापत्रक कळायला तीन आठवडे आणि घर आपले वाटायला तीन महिने. विणीच्या कुत्र्यांना याहून बराच जास्त वेळ लागू शकतो, असे माझे मत आहे. दोघींना एकत्रच आणावे, असे मी ठामपणे सुचवेन. घाबरट कुत्री माणसापेक्षा दुसऱ्या कुत्र्याकडे पाहून अधिक शिकते. पग तुमच्या हातून खाऊ लागली की पॉमेरेनियन ते पाहील.

पशुवैद्य, नाशिक

वरील प्रतिसाद अत्यंत योग्य आहे. मी केवळ आरोग्यासंबंधी लिहितो.

दत्तक कागदपत्रांवर सही करण्यापूर्वी शेल्टरकडून दोघींच्या लसीकरणाच्या नोंदी मागून घ्याव्यात. रेबीजची लस आणि डिस्टेंपर, पार्व्हो वगैरेंसाठीची एकत्रित लस कधी दिली, जंतांचे औषध कधी दिले आणि शस्त्रक्रियेने निर्बीजीकरण झाले आहे किंवा नाही, हे स्पष्ट लिहिलेले असावे. निर्बीजीकरण झाले नसेल तर ते लवकर करून घ्या. अनेकदा व्यालेल्या, वय वाढलेल्या मादीच्या गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. माजावर येऊन गेल्यानंतरच्या काही आठवड्यांत ती एकाएकी खूप पाणी पिऊ लागली, खाणे सोडले किंवा मागून स्राव येऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. स्तनांमध्ये गाठी आहेत का, हेही पहिल्या तपासणीत हाताने चाचपून पाहिले जावे.

रक्ततपासणीत गोचिडांमुळे होणाऱ्या तापाची चाचणी अवश्य करून घ्या. दाटीवाटीने ठेवलेल्या कुत्र्यांमध्ये तो फार आढळतो आणि काही वेळा ताप न दिसता केवळ मरगळ, फिकट हिरड्या किंवा नाकातून रक्त एवढीच लक्षणे असतात. उपचार उपलब्ध आहेत, परंतु औषध साधारण चार आठवडे नेमाने द्यावे लागते आणि कुत्री ताजीतवानी दिसू लागली म्हणून मध्येच बंद करणे घातक ठरते.

छोट्या जातींचे दात लवकर किडतात व हलू लागतात. तोंडाला उग्र वास येत असेल तर त्यामागे बहुधा दुखरे दात असतात, आणि अशी कुत्री घास तोंडात घेऊन खाली टाकते. लोकांना वाटते की तिला अन्न आवडत नाही. भूल देऊन दात साफ करणे व काही काढणे, हा खर्च पहिल्याच वर्षात येऊ शकतो, तोही दोघींसाठी. एकदम दोन कुत्र्या आणण्याविषयी माझे मत म्हणूनच जरा निराळे आहे: मनाची तयारी असली तरी पैशांची तरतूद आणि रोजचा वेळ यांचा हिशेब कुटुंबाने एकत्र बसून करावा आणि मगच निर्णय घ्यावा.

पॉमेरेनियनची श्वासनलिका नाजूक असते, त्यामुळे गळ्यातल्या पट्ट्याला साखळी लावून ओढू नये. छातीवरून बसणारा हार्नेस वापरावा. उत्तेजित झाल्यावर तिला बदकासारखा कोरडा खोकला येत असेल तर त्याची ध्वनिचित्रफीत काढून डॉक्टरांना दाखवावी. उन्हाळ्यात तिचे केस पार भादरून टाकण्याचा मोह टाळावा, कारण ते केस उन्हापासून संरक्षणही करतात. रोज विंचरणे पुरेसे आहे. पगच्या बाबतीत उष्णता हा मोठा शत्रू आहे. चपट्या नाकामुळे तिला धापा टाकून शरीर पुरेसे थंड करता येत नाही, म्हणून मार्च ते जून तिला सकाळी सातच्या आत आणि सूर्यास्तानंतरच बाहेर न्यावे. तिचे बाहेर आलेले डोळे लवकर दुखावतात. एक डोळा मिटून घेतलेला दिसला तर घरातले थेंब न घालता त्याच दिवशी दाखवावे.

खाण्याविषयी आपल्या घरांच्या दृष्टीने दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. कांदा व लसूण कुत्र्यांच्या रक्तपेशींना अपायकारक असतात, त्यामुळे आपल्या ताटातील भाजी-आमटी कालवून देऊ नये. द्राक्षे, बेदाणे आणि मनुके यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि सत्यनारायणाच्या शिऱ्यात बेदाणे असतात. पाच किलोच्या कुत्रीला थोड्या प्रमाणातही धोका संभवतो, म्हणून प्रसाद देऊ नये. फरशी फिनेलने पुसली असेल तर ती पूर्ण वाळेपर्यंत कुत्र्यांना दूर ठेवा, कारण त्या नंतर पंजे चाटतात.

मुलीला दात किंवा नख लागून थोडेसे जरी खरचटले, तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि कुत्रीला लस दिलेली असली तरी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पागोळी, दादर

माझ्या सासूबाई आमच्याकडे आलेल्या पगला आधी स्वयंपाकघराच्या चौकटीतही येऊ देत नसत, म्हणून तुमच्या घरातली धास्ती मला चांगली समजते. त्यांचे म्हणणे आम्ही खोडून काढले नाही. देवघराच्या चौकटीत सुताराकडून गुडघ्याएवढ्या उंचीची प्लायची फळी सरकवता येईल अशी बसवून घेतली आणि त्या जागेपुरता त्यांचा शब्द अखेरचा मानला. त्यांच्या हद्दीला धक्का लागत नाही हे दिसल्यावर उरलेल्या घराविषयी त्यांनी कधी तक्रार केली नाही.

पडण्याची भीती मात्र अगदी खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. छोटी कुत्री आवाज न करता पायाशी येऊन झोपते, आणि वृद्ध माणसाला ती खाली पाहिल्याशिवाय दिसत नाही. आमच्याकडे कुत्री रुळल्यानंतर तिच्या हार्नेसला एक लहान घुंगरू बांधले, त्यामुळे ती खोलीत कोठे आहे ते सासूबाईंना ऐकूनच कळे. घाबरलेल्या कुत्रीला आवाजाचा त्रास होईल, म्हणून हे पहिल्या दिवशी न करता पुढे करावे. बाथरूमच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा ठेवावा, आणि सासूबाई चालायला उठतात त्या वेळी कुत्र्यांना आपल्या खोलीत बोलवण्याची पद्धत ठेवावी.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. घरातले सगळे बाहेर गेल्यावर दुपारी एका जागी शांत बसून वाती वळणारे माणूस घाबरलेल्या कुत्र्याला सर्वांत जास्त आवडते. आमच्या पगने सर्वांना सोडून माझ्या सासूबाईंची खुर्ची निवडली होती. तुमच्याकडेही तसे घडण्याची शक्यता मला बरीच वाटते.

कोणी मुंबईकर वाचत असतील तर त्यांच्यासाठी औषधपाण्याविषयी लिहिते: परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटीट रुग्णालयात, मोठ्या उपचारांसाठी आम्हाला चांगला आधार मिळाला.

दप्तरदार, ठाणे

सोसायटीपुरते लिहितो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 साली प्रसृत केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोणत्याही गृहनिर्माण संस्थेला, सर्वसाधारण सभेच्या बहुमतानेसुद्धा, सभासदांना कुत्रे पाळण्यास बंदी करता येत नाही; कुत्रे भुंकते एवढ्या कारणावरूनही ती करता येत नाही. सभेची पूर्वपरवानगी घेण्याचे बंधन त्यामुळे तुमच्यावर नाही. याच सूचनांमध्ये पाळणाऱ्यांनी शेजाऱ्यांना उपद्रव होऊ न देणे आणि स्वच्छता राखणे अपेक्षित धरले आहे, हे आपल्या बाजूनेही पाळले पाहिजे.

पुणे महानगरपालिकेचा श्वान परवाना काढून घ्या. त्यासाठी रेबीज लसीचे प्रमाणपत्र लागते. परवान्याची आणि लसीकरणाची प्रत जोडून सचिवांना एक साधे, सौजन्यपूर्ण पत्र द्या आणि पोच घ्या. कायद्याची कलमे पहिल्याच पत्रात लिहू नयेत, असे माझे मत आहे, कारण ज्या शेजाऱ्यांसोबत पुढची दहा वर्षे लिफ्टमधून जायचे आहे त्यांच्याशी संबंध गोड असलेले बरे.

विषयाला धरून एक नोंद करतो. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी केंद्र सरकारने 2017 मध्ये नियम केले असून त्यांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. पिल्लू विकत घेणारे लोक पिल्लू पाहतात, त्याची आई कोठे आहे हे विचारत नाहीत. तो प्रश्न प्रत्येक ग्राहकाने विचारला असता तर या दोघींसारख्या माद्यांचे आयुष्य वेगळे झाले असते.

शेवंती, पुणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपले प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवले. फळीची कल्पना त्यांना पसंत पडली आणि सुताराला त्यांनी स्वतःच फोन केला. खर्चाचा हिशेबही आम्ही मांडला. शेल्टरमध्ये काल दोघींना थोडा वेळ वेगळे ठेवून पाहिले. पॉमेरेनियन स्वस्थ होती, पण पगने अन्नाला तोंड लावले नाही आणि ती दाराकडे पाहत बसली. त्यामुळे दोघींना एकत्र आणण्याचे नक्की केले आहे. आता एकच शंका उरली. शेल्टरची मंडळी घटस्थापनेपर्यंत घेऊन जा म्हणतात, पण दिवाळी महिन्याभरावर येते. त्यांना आताच आणावे का? आणि रात्री त्यांना वेगळ्या खोलीत झोपवावे की आमच्या खोलीत?

रानजाई, पुणे

दिवाळीनंतर आणा. फटाक्यांच्या दिवसांत पुण्यात कुत्री हरवल्याच्या सूचना दरवर्षी झळकतात, आणि त्यांत नव्या घरी आलेल्या कुत्र्यांचे प्रमाण मोठे असते. ज्या घराची अजून ओळख नाही त्या घरात पहिला सुतळी बॉम्ब ऐकणे त्यांच्या दृष्टीने फार वाईट. शेल्टर शहराबाहेर असल्याने तेथे आवाज कमी असेल. नसेल तर मात्र लवकर आणून आतल्या खोलीत, खिडक्या बंद करून आणि पंखा मोठा ठेवून ते दिवस काढावेत, आणि औषधाबाबत डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

मधल्या काळात दर आठवड्याला जात राहा. तुम्हा चौघांच्या अंगावरची एक-एक वापरलेली ओढणी, सदरा किंवा लुगड्याचा तुकडा त्यांच्या अंथरुणात ठेवायला द्या, म्हणजे घरी येतील तेव्हा तुमचा वास त्यांना नवा राहणार नाही. हार्नेस आताच नेऊन द्या आणि तो घालण्याची सवय तेथील ओळखीच्या माणसांच्या हातून होऊ द्या. गाडीत बसण्याची सवय असेलच असे नाही, तेव्हा निघण्यापूर्वी तीन-चार तास खाऊ घालू नका.

रात्री सुरुवातीला त्यांच्याच खोलीत, पण तुमच्यापैकी एकाने जमिनीवर गादी टाकून तेथे झोपावे. पलंगावर घेऊ नका; उंचावरून उडी मारून छोट्या कुत्र्यांचे पाय दुखावतात. पॉमेरेनियन रात्री उठून चार पावलांच्या फेऱ्या मारू लागली तर तिला थांबवू नका, नुसता दिवा मंद करा आणि पडून राहा. पहाटेकडे ती दमून बसते. भाऊबीज झाली की पुढच्या आठवड्यातला एखादा मधला वार निवडा, सकाळी लवकर आणा म्हणजे घर त्यांना दिवसाउजेडी पाहता येईल, आणि तो दिवस नातेवाइकांना कळवू नका.